उंचीचा अनुशेष

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य मराठवाड्यात वाढलेल्या माणसाच्या कानावरून गेले नाही असे होणे अवघड. यात अनुप्रासाचा वाटा मोठा आहे हे उघडच आहे. जर्मनीशी परभणीचे यमक जुळले नसते तर तुलनेचे धाडस कुणी केले नसते. पण या वाक्यातला मिश्किल आत्मविश्वास आम्हाला नेहमीच लक्षणीय वाटत आला आहे. आपले गाव जगाच्या नकाशावर ठेवायला या वाक्याला कोणतीही इमारत लागत नाही, मनोरा लागत नाही, पुरावाही लागत नाही. ते उच्चारले की काम झाले.

अलीकडे मात्र जिल्ह्याच्या शहरांविषयी बोलताना एक निराळीच भाषा ऐकू येते. शहराला ‘चेहरा’ हवा, दुरून ओळखू येईल अशी एखादी उत्तुंग वास्तू हवी, क्षितिजरेषा बदलली की शहराची ओळख नवी होते, असे ती भाषा सांगते. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही अपवाद वगळता बहुतेक शहरांसाठी एकच विकास नियंत्रण नियमावली लागू केली, आणि जिल्ह्याच्या शहरांतही पूर्वीपेक्षा उंच बांधणे कागदावर सुकर झाले. तेव्हापासून या भाषेला व्यवहाराचा आधारही मिळाला आहे. २०११ च्या जनगणनेत तीन लाखांच्या थोडी वर गेलेली आणि त्याच वर्षी महानगरपालिका झालेली परभणी या भाषेपासून दूर राहील असे मानण्याचे कारण नाही. आमचा विरोध उंचीला नाही. उंची म्हणजे ओळख, या समीकरणाला आहे. आणि हे समीकरण तपासण्याचे काम स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांइतकेच साहित्याच्या विद्यार्थ्यांचेही आहे, असे आम्हाला वाटते.

समीकरणाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा अर्थातच मुंबईचा. तो आधी न्याय्यपणे मांडला पाहिजे.

१८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर हा सुमारे ८५ मीटरचा मनोरा त्या काळी मुंबईतील सर्वांत उंच वास्तू होता. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, आणि नाव प्रेमचंदांच्या आईचे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाला जो भाव आला त्या तेजीचा हा पैसा. म्हणजे मुंबईच्या या पहिल्या मोठ्या उंचीखाली काळी माती आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. आई दृष्टिहीन होती आणि टॉवरच्या ठोक्यांवरून तिला वेळ कळे, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, लोकांनी ती जपली यात एक समज दिसते. हा मनोरा पाहण्यासाठी असला तरी त्याने खाली राहणाऱ्यांना वेळ दिली, आणि न पाहू शकणाऱ्यांनाही दिली. उंचीने शहराला काही परत दिले तर शहर तिला आपले म्हणते.

नरिमन पॉइंटची एअर इंडियाची तेवीस मजली इमारत १९७४ ची. तिच्या माथ्यावरचे लाल धनुर्धारी चिन्ह ही एका पिढीसाठी मुंबईची सही होती. १२ मार्च १९९३ च्या स्फोटमालिकेत बॉम्ब ठेवण्यासाठी जी ठिकाणे निवडली गेली त्यांत ही इमारत होती आणि शेअर बाजाराचा मनोराही होता. खुणेची इमारत शहराचे प्रतिनिधित्व करते हे शहराचा शत्रूही ओळखतो. पुढे ती राज्य शासनाने १,६०१ कोटी रुपयांना घेण्याचे ठरवले. खूण तीच, मालक आणि अर्थ बदलला. तेव्हा उत्तुंग इमारती शहराची ओळख घडवत नाहीत असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पॅरिसच्या लेखक-कलावंतांनी फेब्रुवारी १८८७ मध्ये आयफेल मनोऱ्याविरुद्ध जाहीर निषेधपत्र काढले होते. त्यातला मोपासां पुढे त्याच मनोऱ्यावरच्या उपाहारगृहात जेवायला जाई, कारण पॅरिसमध्ये मनोरा न दिसणारी तेवढीच एक जागा होती, हा किस्सा रोलां बार्तने आपल्या निबंधाच्या आरंभीच सांगितला आहे. लेखकांच्या निषेधाचे काय होते, हे आम्हाला माहीत आहे.

पण मुंबईचीच साक्ष पूर्ण ऐकायची तर गिरणगावात जावे लागते. लालबाग-परळची क्षितिजरेषा गिरण्यांच्या धुराड्यांची होती. खुणेची वास्तू म्हणून ती कुणी उभारली नव्हती. धूर वर सोडण्यासाठी ती उंच होती, एवढेच. तरीही एका अख्ख्या वस्तीची ओळख तिच्यात सामावली आणि मराठी कवितेत, नाटकात, कथेत ती धुराडी आणि तो भोंगा कायमचा आला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतले बहुतेक परत गिरणीत गेले नाहीत. गिरण्यांच्या जमिनीबाबत १९९१ च्या नियमाने वाटणीचे एक सूत्र घातले होते. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९६ मध्ये त्या जमिनींचा एकत्रित आराखडा मांडला. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. बाकीचे आज डोळ्यांना दिसतेच. श्रीनिवास मिलच्या जागेवर २८० मीटरचा ‘वर्ल्ड वन’, श्रीराम मिलच्या जागेवर त्याहून उंच ‘पॅले रोयाल’. लोअर परळचा उल्लेख बिल्डरांच्या जाहिरातींत ‘अप्पर वरळी’ असा होऊ लागला. साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा. नाव उचलले गेले ते ‘लोअर’ या शब्दासकट, कारण खालचेपणाची आठवणही नको होती. शहराच्या ‘नवीकरणा’त बदललेली पहिली गोष्ट इमारत नव्हे, संज्ञा असते.

जयंत पवारांचे ‘अधांतर’ आणि ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा त्यांचा कथासंग्रह वाचलेल्यांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. आम्हाला आठवते ती आणखी एक गोष्ट. १९९५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीला भरले आणि त्याचे अध्यक्ष होते नारायण सुर्वे. गिरणगावच्या धुराड्यांखाली वाढलेला कवी, ती धुराडी थंड होत असतानाच्या काळात, एकही धुराडे नसलेल्या शहरात मराठी साहित्याच्या सर्वोच्च मानाच्या खुर्चीवर बसला. संमेलने मांडवात होतात. मांडव आठवड्याने उतरतो. तरी परभणीच्या क्षितिजावर तेव्हा जे उभे राहिले ते कोणत्या मापाने मोजायचे?

यावर कुणी म्हणेल, हा भावनेचा युक्तिवाद झाला. मराठवाडा मागास आहे, आणि मागास प्रदेशाला उंच स्वप्न हवे. इथेच आमच्या मते खरी गाठ आहे. आपल्याकडे ‘अनुशेष’ या शब्दाला मोठा इतिहास आहे. १९८४ च्या दांडेकर समितीपासून २०१३ च्या केळकर समितीपर्यंत मराठवाड्याने स्वतःला अनुशेषाच्या कोष्टकांत वाचले: सिंचन किती कमी, रस्ते किती कमी, वीज, शाळा, दवाखाने किती कमी. ही कोष्टके आवश्यक होती, आजही आहेत. पण चाळीस वर्षे स्वतःला उणिवांच्या यादीत पाहणाऱ्या प्रदेशाला एक सवय जडते. दुसऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही ती प्रत्येक गोष्ट त्याला अनुशेष वाटू लागते. उंचीचाही अनुशेष. गोदावरीच्या पाण्याची मागणी आणि काचेच्या मनोऱ्याची मागणी मग एकाच सुरात होते, आणि पहिलीचे गांभीर्य दुसरीमुळे उणावते.

वास्तविक उंचीची उणीव मराठवाड्याला कधीच नव्हती. दौलताबादचा चांद मिनार पंधराव्या शतकातला, बहमनी सुलतान अलाउद्दीनाच्या काळचा, साठ मीटरहून उंच. त्याच्यापासून काही मैलांवर वेरूळचे कैलास लेणे आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कोरायला घेतलेले हे देऊळ वरून खाली कोरत आणले आहे. आधी शिखर, मग सभामंडप, सर्वांत शेवटी जोते. डोंगराच्या माथ्यावर उभे राहून पाहिले तर कळस पायांच्या खाली असतो. जगातल्या क्षितिजरेषांविषयीच्या सगळ्या पुस्तकी व्याख्या इथे उलट्या होतात, आणि तरीही वेरूळची ओळख कुणाला पुसावी लागत नाही. मनोरा बांधून आणि डोंगर खोदून, दोन्ही रीतींनी या प्रदेशाने आपला ठसा उमटवला आहे. मराठवाड्याच्या अभिमानाच्या भाषणांत मात्र या दोन्हींचा उल्लेख वारसा म्हणूनच येतो, विचार म्हणून येत नाही.

कळसावरून एक जुनी प्रथा आठवते: कळसदर्शन. देवळात जाणे शक्य नसेल तर दुरून कळस पाहून हात जोडावेत, दर्शन झाले असे मानावे. वेळ नसलेल्या प्रवाशाला ही सोय होती. ज्याला आत प्रवेशच नव्हता त्याच्यासाठी ती भिंत होती. चोखोबांना विठ्ठल भेटला तो भिंतीबाहेर. त्यांचा मृत्यू मंगळवेढ्याचे कुसू बांधताना ते कोसळून झाला, असे परंपरा सांगते. म्हणजे मराठीतल्या या थोर संतकवीचे मरण बांधकामावरच्या मजुराचे होते. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले, तेव्हा प्रश्न कळस किती उंच हा नव्हता. तो सर्वांना दिसतच होता. दार कुणाला उघडते हा प्रश्न होता.

आजच्या गगनचुंबी इमारतींपाशी आम्हाला ही प्रथा पुन्हा दिसते. त्या सर्वांना दिसाव्यात अशी योजना असते, किंबहुना त्यांच्या किमतीचा काही भाग त्या दिसण्यातच असतो. आणि आत जाणे मात्र पाहुण्याच्या नोंदवहीपासून अडते. जिंतूर-गंगाखेडकडची जी मुले पुण्याच्या बाजूला सळई बांधायला आणि स्लॅब टाकायला जातात, त्यांनी विसाव्या मजल्यावरून शहर पाहिलेले असते, पण इमारत अपुरी असतानाच. पूर्ण झाली की त्यांच्या वाट्याला पुन्हा कळसदर्शन.

गंगाखेडचा उल्लेख आला तर जनाबाई आठवणारच. परभणी जिल्ह्याने मराठी भाषेला दिलेले सर्वांत मोठे नाव ते. तिच्या अभंगांतले जग पाहा: जाते, केर, गोवऱ्या, पाणी भरणे. तिथे वर बघण्याची गरजच पडत नाही, कारण देवच खाली येऊन जात्याशी बसलेला असतो. एका जिल्ह्याची सातशे वर्षांची ओळख जात्याभोवती टिकू शकते, ही गोष्ट ‘शहराला चेहरा हवा’ म्हणणाऱ्यांनी एकदा तरी हिशेबात घ्यावी.

मग परभणीची स्वतःची क्षितिजरेषा कशी आहे? उन्हाळ्यात, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जाऊन आल्यानंतरच्या संध्याकाळी, ती घरांच्या गच्चीवरून पाहावी. जलकुंभ, मोबाईलचे मनोरे, देवळांची शिखरे, मशिदींचे मिनार, लिंब, आणि कृषी विद्यापीठाच्या बाजूला पसरलेली हिरवी सपाटी. यात एकही वस्तू अशी नाही जी बाकीच्यांना झाकून टाकते. आसपासच्या गावांतून ही गच्ची म्हणजे पूर्वी माळवद असे: लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. या मातीच्या छपराने उन्हाळा अडवला आणि रात्री अंथरुणाला जागा दिली. धान्य वाळवणे, शेजारणीशी बोलणे, मुलांना चांदण्या दाखवणे हे सारे त्यावरच. माळवद ही घराची सर्वांत उंच आणि सर्वांत खुली जागा होती. उंची आणि मोकळेपणा एकत्र असू शकतात याचा याहून घरगुती पुरावा आम्हाला सुचत नाही. चार्ल्स कोरियांची मुंबईतली ‘कांचनजंगा’, १९८३ ची अठ्ठावीस मजली इमारत, आम्हाला आवडते ती याच कारणासाठी. पश्चिमेचे ऊन आणि पाऊस यांपासून घर राखण्यासाठी जुन्या बंगल्याला व्हरांडा असे. कोरियांनी तो दोन मजली उंचीच्या बागांच्या रूपाने आकाशात नेला. श्रीमंतांची इमारत ती, कबूल. पण तिच्यात उंचीला हवामान ठाऊक आहे. काचेची पेटी परभणीच्या वैशाखात उभी करून तिला विजेने थंड ठेवणे यात मात्र आम्हाला अडाणीपणाखेरीज काही दिसत नाही.

मातीचेही ऐकावे लागते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला की भिंती तडकतात. म्हणून आपल्याकडचा गवंडी ‘मुरूम लागेपर्यंत खोदा’ म्हणतो. गाव वसते ती पांढरी आणि पिकते ती काळी, हा भेद आपल्या भाषेनेच करून ठेवला आहे. या पांढरीवर गावोगावी एकेकाळी गढ्या उभ्या होत्या. देशमुखाची किंवा पाटलाची गढी ही मराठवाड्यातल्या खेड्याची क्षितिजरेषा होती. तिच्या बुरुजावरून सारे गाव दिसे, आणि साऱ्या गावाला आपण दिसतो आहोत याची जाणीव असे. आज बहुतेक गढ्या ढासळल्या आहेत. लोकांनी त्यांची पांढरी माती वाहून नेली आणि आपल्या माळवदावर पसरली. सत्तेच्या उंचीचे याहून उपयुक्त नवीकरण आम्ही वाचलेले नाही.

एवढ्यावर थांबलो तर हे सारे गोड स्मरणरंजन होईल. परभणीची ओळख अलीकडे साऱ्या देशात चर्चेला आली ती वेगळ्याच कारणाने. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकासमोरील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ काचेच्या आवरणात ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, जाळपोळ, पोलिसी कारवाई. अटक झालेल्यांपैकी एका तरुणाचा, कायद्याच्या विद्यार्थ्याचा, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू. या घटनेचे राजकीय आणि न्यायालयीन अर्थ लावण्याचे हे स्थळ नव्हे. आमच्या विषयापुरते एवढेच नोंदवतो, की ज्या वस्तूसाठी शहर पेटले ती वस्तू उंच नव्हती. ती माणसाच्या नजरेच्या पातळीवर होती, हात पोचेल अशी, आणि एका ग्रंथाची प्रतिकृती होती. स्थानकातून बाहेर पडणाऱ्याला प्रथम जे दिसते त्यात आपण आहोत, ही खात्री शहरातल्या फार मोठ्या समूहाला त्या वस्तूने दिली होती. दहा वर्षे उभारणी करून शंभर मीटरचा मनोरा आणला तरी त्याच्यासाठी कुणी रडेल का, हा प्रश्न आम्ही गांभीर्याने विचारतो.

आणि शहराचे नाव दूरवर जाण्यासाठी उंचीच लागते, हेही परभणीपुरते खोटे आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने दिलेल्या भेंडीच्या एका वाणाचे नाव ‘परभणी क्रांती’. भेंडीची पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देणारा हा वाण महाराष्ट्राबाहेरही लावला गेला. ज्वारीत ‘परभणी मोती’ आहे. परभणी कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या शेतकऱ्याने बियाण्याच्या पाकिटावर हे नाव वाचले आहे. वाण गुडघ्याएवढा असताना नाव हजार मैल जाते, याची नोंद क्षितिजरेषेच्या अभ्यासकांनी कुठे करायची ते त्यांनी ठरवावे.

आमची तक्रार शेवटी आपल्याच लोकांविषयी, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांविषयी आहे. आपल्या वाङ्मयात मुंबई आहे आणि खेडे आहे. मुंबईच्या वर्णनाला १८६३ च्या गोविंद नारायण माडगावकरांपासूनची परंपरा आहे. खेड्याचे शिवार ग्रामीण साहित्याने बारकाईने लिहिले. मधले जिल्ह्याचे गाव, ना शहर ना खेडे, बहुधा बसस्थानकापुरते येते: पात्र तिथे उतरते आणि पुढच्या गाडीची वाट पाहते. बी. रघुनाथ हा मोठा अपवाद. सातोन्याला १९१३ मध्ये जन्मलेला हा लेखक निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करीत परभणीत राहिला आणि १९५३ मध्ये गेला. बांधकामाचे कागद दिवसभर हाताखालून घालणाऱ्या या माणसाने निजामी मराठवाड्यातले दबलेले, कुचंबलेले मध्यमवर्गीय जीवन कथाकादंबऱ्यांत उभे केले. शहराने त्याच्या नावाचे सभागृह केले, त्याच्या स्मरणार्थ उत्सव होतो, हे चांगलेच आहे. पण त्याच्यानंतरच्या परभणीचे गद्य वर्णन कुणी लिहिले? वर्णनाचा हा अनुशेष कोणत्याही समितीच्या कोष्टकात नाही आणि तो भरून काढायला चटई निर्देशांक वाढवावा लागत नाही.

शहराला उंच इमारत बांधायचीच असेल तर बांधावी. आमची अट एवढीच की तिचा सर्वांत वरचा मजला ग्रंथालयाचा असावा, त्याला उद्वाहन असावे, आणि वर जाण्यासाठी कुणालाही नाव-गाव लिहावे लागू नये. तोवर पदव्युत्तर वर्गांच्या अध्यापकांना एक सूचना. येत्या सत्रात विद्यार्थ्यांना आपल्या घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या गावाचे चार पानी वर्णन लिहायला सांगावे. त्यात ‘मागास’ आणि ‘विकास’ हे दोन शब्द वापरायचे नाहीत.